खोल पाण्यातून वर आणणारा फोम

भिवंडीत फोम म्हटलं की गोदामं डोळ्यांसमोर येतात. काल्हेर, पूर्णा, दापोडे, माणकोली, वडपे, कुठल्याही कंपाउंडमध्ये शिरा, टेम्पोतून उतरणाऱ्या खोक्यांत थर्माकोलचे कोपरे नाहीतर ईपीईची पांढरी शीट असतेच. टीव्ही, फ्रिज, काचेची भांडी सांभाळून नेली की तिचं काम संपतं आणि ती भंगारात जाते. त्यामुळे फोम म्हणजे मोकळी जागा भरायची वस्तू, असा आपला समज पक्का झालेला आहे. या पुस्तकाचा विषय असलेला फोम समुद्रात सहा किलोमीटर खाली उतरतो, दर चौरस सेंटिमीटरवर सहाशे किलोंहून अधिक भार सोसतो आणि यंत्राला, कधी यंत्रातल्या माणसांनाही, पुन्हा वर घेऊन येतो. त्याच्यात मोटर नाही, झडप नाही, वीज नाही. तो फक्त पाण्यापेक्षा हलका असतो आणि तळाशी गेल्यावरही हलकाच राहतो. हे ‘तळाशी गेल्यावरही’ साधायला माणसाला फार खटपट करावी लागली. या पुस्तकात तीच खटपट सांगितलेली आहे.

गरज कुठून निर्माण होते ते आधी पाहू. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयओटीत, ‘मत्स्य 6000’ ही तीन माणसांची पाणबुडी तयार होते आहे. माणसं बसतात तो टायटॅनियमच्या मिश्रधातूचा गोल आतून 2.1 मीटर व्यासाचा आणि 80 मिलिमीटर जाडीचा आहे. कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करा. गोलाचा बाहेरचा व्यास झाला 2.26 मीटर. तो साधारण सहा घनमीटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे समुद्राचं पाणी त्याला सव्वासहा टनांच्या आसपास वर ढकलतं. गोलाचं स्वतःचं वजन भरतं सुमारे सव्वापाच टन. हाती उरली जेमतेम नऊशे किलोंची उचल. त्यात तीन माणसं, त्यांच्या बैठका, प्राणवायूच्या टाक्या, पडदे, तारा हे सगळं बसवायचं. म्हणजे गोल स्वतःला कसाबसा तारतो, दुसऱ्याला तारायला त्याच्याकडे काही शिल्लक राहत नाही. बॅटऱ्या, मोटरी, पंखे, यांत्रिक हात, दिवे, सांगाडा या सगळ्या बुडणाऱ्या वस्तूंचं ओझं मग उचलणार कोण? ते फोम उचलतो.

उथळ पाण्यात हा प्रश्न पडत नाही. नौदलाच्या पाणबुड्या टाक्यांत पाणी भरून खाली जातात आणि हवेच्या दाबाने ते बाहेर काढून वर येतात. पण दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. सहा हजार मीटरवर टाकीतलं पाणी हवेने बाहेर ढकलायचं तर ती हवा सहाशे पटींनी दाबलेली हवी. तेवढ्या हवेच्या जाड पोलादी बाटल्या घेऊन जायच्या म्हटलं तर त्यांनीच यान बुडेल.

यावर पहिलं उत्तर सापडलं ते पेट्रोलचं. ऑगस्ट पिकार या स्विस शास्त्रज्ञाने पाण्याखाली जाणारा जणू एक फुगाच कल्पिला आणि त्यात हवेऐवजी पेट्रोल भरलं, कारण पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असतं आणि दाबाखाली फारसं आकसत नाही. त्यांचा मुलगा जॅक पिकार आणि अमेरिकी नौदलाचे डॉन वॉल्श 23 जानेवारी 1960 रोजी ‘त्रिएस्त’ या अशाच यानातून मारियाना गर्तेच्या तळाशी पोचले, तेव्हा त्यांच्या डोक्यावरच्या तरंड्यात सुमारे 85 हजार लिटर पेट्रोल होतं. दोन माणसांना खाली नेऊन आणायला एवढा अवाढव्य, वळायला जड आणि आगीचं भय असलेला डोलारा लागला. 1964 साली अमेरिकेत ‘ऍल्विन’ ही पाणबुडी उतरली तेव्हा चित्र पालटलेलं होतं. ती ट्रकवर मावेल एवढी होती. तिला हे शक्य झालं सिंटॅक्टिक फोममुळे; त्याची घडण पुढे पाहू. पुढे 26 मार्च 2012 रोजी चित्रपट दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन एकटेच मारियाना गर्तेत गेले त्या यानाचा बहुतांश भाग फोमचाच होता. बाजारातला कुठलाही फोम त्या खोलीला पुरा पडेना, म्हणून यानाबरोबर फोमही नव्याने तयार करावा लागला होता. माझ्या मते यान बांधणाऱ्यांचं खरं श्रेय तिथे आहे. बातम्यांत मात्र कॅमेरॉन आणि खोली एवढंच आलं.

आता थर्माकोल का चालत नाही? सागरी संशोधनाच्या जहाजांवर एक जुनी गंमत चालते. थर्माकोलच्या कपावर नावं लिहून तो जाळीच्या पिशवीत घालून उपकरणांबरोबर खोल सोडतात. वर येतो तेव्हा तो अंगठ्याएवढा झालेला असतो, अक्षरांसकट. त्याच्यातल्या हवेच्या पेशींच्या भिंती लवचिक प्लास्टिकच्या. दाब आला की पेशी चिरडतात, हवा निघून जाते, आकार घटतो आणि आकाराबरोबर उचलही जाते. यान खाली जाता जाता जड होत गेलं तर ते आणखी वेगाने खाली जाईल, हा यातला खरा धोका. पीव्हीसीचा किंवा पॉलियुरेथेनचा घट्ट फोम थोडं अंतर साथ देतो. काही दहा मीटर, उत्तम प्रतीचा असला तर काही शे मीटर. गोव्यात दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने घडवलेलं ‘माया’ हे छोटं स्वयंचलित यान 200 मीटरपर्यंतच्या पाण्यासाठी होतं. त्या पट्ट्यात निवडीला पुष्कळ वाव असतो. हजार मीटरच्या पुढे मात्र वायूने फुगवलेले फोम मागे पडतात.

सिंटॅक्टिक फोमला कोणी फुगवत नाही, तो जुळवतात. त्यातली पोकळी आधीच तयार असते, काचेच्या सूक्ष्म गोळ्यांत. हे गोळे नुसत्या डोळ्यांना मैद्यासारखे दिसतात. व्यास मिलिमीटरच्या काही शतांशांचा, भिंत साधारण एका मायक्रॉनच्या आसपास. इपॉक्सी रेझिनमध्ये ते ठासून भरायचे आणि मिश्रण घट्ट होऊ द्यायचं. राजगिऱ्याच्या लाडवात फुललेले दाणे असतात आणि गूळ फक्त त्यांना धरून ठेवण्यापुरता असतो, तसंच हे प्रमाण. गूळ जास्त झाला तर लाडू जड आणि कडक, कमी पडला तर हातात भुगा.

प्रमाणाचा हिशेब इथेच देतो, कारण पुस्तकात तो वारंवार लागणार आहे. समजा, शंभर भागांत पासष्ट भाग गोळे घेतले आणि गोळ्यांची घनता 0.3 आहे. उरलेले पस्तीस भाग इपॉक्सी, घनता 1.15. बेरीज येते 0.6 च्या जवळ. समुद्राचं पाणी 1.025. म्हणजे एक घनमीटर फोम स्वतःचे सहाशे किलो सांभाळून आणखी सव्वाचारशे किलो उचलतो. पाण्यात एक टन भरणारी यंत्रसामग्री तारायची तर असा फोम 2.35 घनमीटर लागेल, आणि त्याचंच वजन 1,400 किलो होईल. आता घनता 0.6 वरून 0.5 वर आणता आली, तर तेच काम 1.9 घनमीटरमध्ये आणि साडेनऊशे किलोत होतं. यान लहान होतं, पंखे लहान होतात, बॅटरी कमी लागते, जहाजावरची क्रेनही लहान चालते. दशांश चिन्हानंतरच्या आकड्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा का झगडतात ते या एका उदाहरणातून कळावं. पण गोळा हलका करायचा तर भिंत पातळ करावी लागते, आणि पातळ भिंत लवकर फुटते. 0.125 घनतेचे गोळे वीसेक वातावरणांच्या दाबातच चिरडतात. 0.6 घनतेचे गोळे दोन हजार वातावरणांच्या आसपासही तग धरतात, मात्र ते पाण्याहून फारसे हलके नसतात. जेवढी खोली, तेवढाच जाड गोळा निवडायचा. हजार मीटरच्या यानाला सहा हजारांचा फोम लावणं म्हणजे पैसे आणि उचल दोन्ही वाया घालवणं.

गोळे इतके बारीक का, मोठे पोकळ गोल का नाहीत, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात, आणि तो रास्त आहे. मोठे काचेचे गोल वापरतातही. समुद्राच्या तळाशी ठेवलेल्या उपकरणांवर ते असतात. पण मोठा गोल फुटला की आत घुसणाऱ्या पाण्याचा तडाखा शेजारच्या गोलालाही फोडतो. अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेचं ‘नेरिअस’ हे यान 10 मे 2014 रोजी न्यूझीलंडच्या ईशान्येला कर्माडेक गर्तेत सुमारे 9,900 मीटरवर नाहीसं झालं. त्याची उचल पोकळ सिरॅमिक गोलांवर होती, आणि आतला एखादा भाग दाबाने फुटला असावा असा तिथल्या संशोधकांचा अंदाज आहे. फोममधला एक सूक्ष्म गोळा फुटला तर शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही, कारण मध्ये रेझिन आहे आणि पोकळी नखाच्या टोकाहूनही कितीतरी लहान आहे. कोट्यवधी छोट्या पोकळ्यांवर भार वाटून दिला की एखाद्याच्या अपयशाने घात होत नाही. या साहित्याची सगळी विश्वासार्हता यातून आलेली आहे.

पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग कृतीचा आहे, आणि भिवंडी-कल्याण-अंबरनाथ पट्ट्यातल्या वाचकाने तो सावकाश वाचावा. यंत्रं साधी आहेत. मिक्सर, व्हॅक्यूम पंप, साचे, ओव्हन. सरवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या बऱ्यापैकी कारखान्यात यातलं निम्मं आजही सापडेल. अवघड आहे तो हात. रेझिन आणि हार्डनर आधी नीट एकजीव करून त्यातली हवा व्हॅक्यूमखाली काढायची, मग गोळे थोडे थोडे घालायचे. मिक्सरचं पातं वेगाने फिरवलं तर गोळे फुटतात. फुटलेला गोळा म्हणजे साधी काच, घनता अडीच, आणि त्याच्या पोकळीत शिरलेलं रेझिन. शंभरातले पाच गोळे जरी फुटले, तरी घनमीटरमागे अठरा-वीस किलो उचल गेलीच. सावकाश फिरवलं तर गुठळ्या राहतात आणि गुठळीच्या आत हवा. ती हवा काही काचेच्या भिंतीआड नसते, पहिल्याच दाबाला ती जागा दबते. भांडं तिसरा हिस्साच भरायचं, कारण व्हॅक्यूम लावल्यावर मिश्रण फसफसून वर येतं. गोळे कमी असतील तर ते साच्यात वर तरंगून येतात आणि ठोकळ्याचा माथा हलका, तळ जड होतो. भरपूर असतील तर मिश्रण कणकेसारखं घट्ट होतं आणि साच्याच्या कोपऱ्यांत दाबून बसवावं लागतं.

खरी परीक्षा यानंतर सुरू होते. इपॉक्सी जमताना उष्णता बाहेर टाकते. पातळ थरातून ती निघून जाते, पण जाड ठोकळ्यातून निघायला वाट नसते, कारण हे काचेचे गोळे उत्तम उष्णतारोधक असतात. मधला भाग तापतो, तापला की प्रक्रिया आणखी वेग घेते, वेगाने आणखी तापतो. बाहेरून ठोकळा गुळगुळीत, पांढराशुभ्र. करवतीने मधोमध कापल्यावर पोटात तपकिरी डाग आणि केसासारखी चीर दिसते. असा ठोकळा खोल गेला की चिरेतून पाणी आत शिरतं. म्हणून सावकाश जमणारा हार्डनर वापरतात, ठोकळे आटोपशीर ओततात, ओव्हनमध्ये तापमान पायरीपायरीने चढवतात आणि मग ठोकळे एकमेकांना चिकटवून, यंत्रावर कापून यानाच्या अंगाबरोबर आकार देतात. वरून राळेचं किंवा पॉलियुरियाचं कवच चढतं. ठळक पिवळा किंवा नारिंगी रंग देतात तो उधाणलेल्या समुद्रात यान लांबून दिसावं म्हणून.

आपल्या हवामानाचं एक स्वतंत्र प्रकरण या पुस्तकात आहे, आणि परदेशी पुस्तिकांत ते कधीच मिळणार नाही. मे महिन्यात भिवंडीतल्या पत्र्याच्या शेडखाली पारा चाळिशी गाठतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की मिश्रण हाताळायला मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. परदेशी डब्यावर छापलेला वेळ इथे गृहीत धरला तर मिश्रण साच्यात पोचण्याआधी भांड्यातच बसेल. जूनपासून दुसरं संकट. हवेतला दमटपणा अमाइन जातीच्या हार्डनरशी खेळतो आणि पृष्ठभागावर तेलकट थर येतो. त्यावर पुढचा ठोकळा चिकटवला तर सांधा धरत नाही. काचेचे गोळेही ओल धरून गुठळतात, त्यांना आधी ओव्हनमध्ये सुकवून घ्यावं लागतं. यंत्रमागाच्या सुतासाठी सायझिंगमध्ये खळ शिजवणाऱ्या कारागिराला हे सगळं नवं वाटू नये. खळीचा घट्टपणा, तिचं तापमान, पावसाळ्यातला सुताचा स्वभाव यांचा अंदाज तो आयुष्यभर घेत आलेला असतो. हे ज्ञान इथे आहे, ते वेगळ्या पदार्थाकडे वळवायचं आहे एवढंच.

तयार ठोकळा खरा की खोटा हे वजनकाटा आणि प्रेशर टँक ठरवतात. कोरडं वजन घ्यायचं, टाकीत ठेवून कामाच्या खोलीपेक्षा जास्त दाब चढवायचा, चोवीस तास तसाच ठेवायचा, बाहेर काढून पुसून पुन्हा वजन करायचं. वाढलेलं वजन म्हणजे आत शिरलेलं पाणी. एकदा करून भागत नाही, कारण यान एकदाच खाली जात नाही. दाबाच्या शेकडो चढउतारांनंतर फोमची चिकाटी कळते. इथे एक बारकावा आहे जो मला फार आवडतो. सहा हजार मीटरवर समुद्राचं पाणीसुद्धा दोन-अडीच टक्के दाबलं गेलेलं असतं, म्हणजे तेवढं दाट झालेलं असतं. फोम पाण्यापेक्षा कमी आकसणारा असेल तर खाली गेल्यावर त्याची उचल थोडी वाढते, जास्त आकसणारा असेल तर घटते. यान खाली जाताना लोखंडी वजनं घेऊन जातं आणि काम संपल्यावर ती तळाशी सोडून देतं. किती किलो वजन न्यायचं हे फोमच्या या एका गुणावर ठरतं. वीज गेली, संपर्क तुटला, तरी वजनं सुटली की फोम यानाला वर आणतो. तो वरच्या बाजूला आणि बॅटऱ्या खालच्या बाजूला असल्याने यान सरळही राहतं. मुंबई हायच्या फलाटांखाली नळवाहिन्या तपासणाऱ्या यंत्रांच्या माथ्यावर जो पिवळा ठोकळा दिसतो, तो याच दोन कामांसाठी असतो.

हा विषय मराठी वाचकाला परका वाटायचं कारण नाही. 23 जून 1985 रोजी एअर इंडियाचं ‘कनिष्क’ आयर्लंडजवळ कोसळलं, तेव्हा दोन हजार मीटर खोल पाण्यातून त्याचे ब्लॅक बॉक्स ‘स्कॅरॅब’ या यंत्रमानवाने वर काढले आणि त्यांची तपासणी तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात झाली. संकटात सापडलेल्या पाणबुडीतल्या नौसैनिकांना बाहेर काढणारं नौदलाचं बचावयान डिसेंबर 2018 मध्ये मुंबईत दाखल झालं. नौदलाला लागणाऱ्या पदार्थांवर काम करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा आपल्या शेजारी अंबरनाथला आहे. तिची सुरुवात 1953 साली मुंबईच्या नौदल गोदीत झाली होती. पवईच्या आयआयटीतले विद्यार्थी कित्येक वर्षं पाण्याखालचं स्वयंचलित यान बांधून स्पर्धांना जात आहेत, त्याचंही नाव ‘मत्स्य’च. त्याहून मागे जायचं तर ऑक्टोबर 1657 मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि मराठी आरमाराची पहिली जहाजं याच खाडीकाठी बांधली गेली.

खोल समुद्राशी आपल्या देशाचा संबंधही जुना आहे. ‘गवेषणी’ जहाजाने 26 जानेवारी 1981 रोजी समुद्रतळावरचे बहुधात्विक गोटे पहिल्यांदा वर काढले. 2010 साली एनआयओटीचं ‘रोसब 6000’ हे मानवरहित यान मध्य हिंदी महासागरात 5,289 मीटरपर्यंत गेलं. इस्रोने ‘मत्स्य 6000’चा टायटॅनियम गोल इलेक्ट्रॉन किरणांनी जोडला. एवढं सगळं असूनही 2025 साली ‘मत्स्य’च्या समुद्रातल्या चाचण्या लांबल्या, त्याच्या कारणांत फ्रान्सहून यायचा सिंटॅक्टिक फोम होता. ही बातमी वाचून मला मनापासून वाईट वाटलं. ऐंशी मिलिमीटर जाडीचं टायटॅनियम जोडणारा देश काच आणि राळेच्या ठोकळ्यासाठी थांबावा याचा अर्थ असा की हा ठोकळा आपण साधा समजत आलो. त्याची कृती कुठल्याही ग्रंथालयात मिळते. मिळत नाही ती शेकडो ओतकामांची नोंदवही, कुठल्या बॅचला कुठे चीर गेली आणि का, याची. ती कोणी आयात करून देत नाही.

कच्च्या मालाबाबत एक वाट इथे सुचवावीशी वाटते. कोळशाच्या राखेत निसर्गतः पोकळ गोळे सापडतात, त्यांना सेनोस्फिअर म्हणतात. भट्टीतल्या उष्णतेने राखेचे कण वितळतात, आत वायू कोंडतो आणि थंड होताना गोळा तयार होतो. चंद्रपूर, कोराडी, भुसावळ, एकलहरे इथल्या औष्णिक केंद्रांतून राखेचे डोंगर निघतात. राखेत या गोळ्यांचं प्रमाण एखाद-दुसऱ्या टक्क्याहून जास्त नसतं, पण ते पाण्यावर तरंगतात, त्यामुळे राखेच्या तळ्यावरून गोळा करता येतात. भिंती कमीजास्त जाडीच्या, काहींना छिद्रं, आणि काचेच्या गोळ्यांपेक्षा जड. सहा हजार मीटरचं काम त्यांच्यावर टाकू नये. पण काही शे मीटरच्या बोया, केबलचे तरंडे, बंदरातली तपासणी यंत्रं यांना असा फोम पुरेल आणि परवडेल. छिद्र असलेले गोळे वेगळे काढण्याची रीत पाचव्या प्रकरणात दिलेली आहे.

पुस्तक पदविकेच्या विद्यार्थ्यांसाठी आणि रेझिनचं काम आधीच करणाऱ्या कारखानदारांसाठी आहे. गणित दहावीच्या पलीकडचं नाही. पहिल्या अभ्यासात एक लिटरचा ठोकळा ओतायचा आहे. तो हवेत आणि मिठाच्या पाण्यात तोलायचा, मधोमध कापायचा आणि कापलेल्या पृष्ठभागाचा फोटो तारीख, तापमान, आर्द्रता यांच्यासह वहीत चिकटवायचा. ठोकळा फसला तरी फोटो चिकटवायचाच. काचेचे गोळे पंख्याच्या वाऱ्यावर उडतात आणि श्वासाबरोबर आत जातात, म्हणून पोतं उघडण्याआधी पंखा बंद आणि तोंडावर चांगल्या प्रतीचा मास्क, यात सवलत नाही. हार्डनरचा कातडीला स्पर्श नको, हातमोजे घालायचे. रेझिन आणि हार्डनरचे पिंप मालाच्या गोदामात इतर खोक्यांबरोबर रचून ठेवू नयेत. गोदामांना लागलेल्या आगी भिवंडीने पुष्कळ पाहिल्या आहेत. पिंपांना वेगळी, हवेशीर, कुलूपबंद खोली द्या आणि उरलेलं मिश्रण भांड्यात जाड थराने सोडून घरी जाऊ नका. ते पसरट ट्रेमध्ये ओता, थंड झाल्याची खात्री करा, मगच शेडचे दिवे मालवा.